भान ठेवून ग्राफिक डिझाइन स्टुडिओ कसा चालवायचा: सगळं कोटेशनमध्येच ठरतं

ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ म्हटलं की लोकांना वाटतं यात कसलं आलंय प्रदूषण, तीन-चार कॉम्प्युटर, एक एसी, दिवसभर चहा, झालं. पण आपण एक फाइल प्रेसला पाठवतो तेव्हा किती किलो कागद कापला जाणार, किती फूट फ्लेक्स निघणार, तो नंतर कुणाच्या हातात कचरा म्हणून पडणार आणि त्यावर जे छापलंय ते खरं आहे का, हे सगळं आपल्या टेबलावर ठरलेलं असतं. मी पुण्यात छोटा स्टुडिओ चालवते, आणि या धंद्यात नव्याने येणारी मुलं-मुली मला सारखं विचारतात की ताई, पर्यावरणाला आणि समाजाला धरून काम करायचंय तर नेमकं करायचं काय, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

आधी एकच गोष्ट लक्षात घ्या. कोटेशन मंजूर झालं की साइज, कागद, कॉपी, पैसे, तारीख सगळं पक्कं झालेलं असतं आणि फाइल बनवताना बदलायला हातात फार थोडं उरतं. वेबसाइटवर "आमची मूल्यं" असं पान केलंत तरी क्लायंट ते वाचत नाही, तो कोटेशन वाचतो, तेही आकड्यांपासून. त्यामुळे आपलं जे काही भान आहे ते कोटेशनच्या ओळीत उतरवायचं. खाली जे सांगतेय ते फिरून फिरून तिथेच येईल.

पहिलं काम: कुणाचं काम घ्यायचं ते लिहून ठेवा

तीन याद्या करा. एक, कधीच न घ्यायची कामं. दोन, विचारपूस करून घ्यायची कामं. तीन, मुद्दाम शोधून मिळवायची कामं. हे डोक्यात ठेवून चालत नाही, लिहावंच लागतं, कारण महिनाअखेरीला भाडं द्यायचं असतं तेव्हा डोक्यातली यादी बदलते.

आमच्या पहिल्या यादीत गुटखा-पानमसाला आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण त्याच नावाने वेलची, माउथ फ्रेशनर अशा जाहिराती येत राहतात आणि डिझाइनरला सांगतात की आम्ही तर वेलची विकतोय. गोरं करणारी क्रीम नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम नाहीत, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर त्यांच्या जाहिरातीवरच बंदी आली.

दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण रोजचं पोट तिच्यावर चालतं. उदाहरण म्हणजे कोचिंग क्लासेस. जून-जुलैत टॉपरच्या फोटोंचे फ्लेक्स प्रत्येक गावात लागतात आणि कुणीतरी डिझाइनर ते बनवत असतो. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले, त्यानुसार मुलाचं नाव, फोटो, मार्क वापरायचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली, ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. शिवाय त्या मुलाने नेमका कोणता कोर्स केला होता तेही लिहावं लागतं, कारण दोन दिवसांची मॉक टेस्ट दिलेल्या मुलाला "आमचा विद्यार्थी" म्हणून मिरवायची सवय सगळीकडे आहे. आमच्या कोटेशनमध्ये सरळ ओळ असते: "फोटोतील विद्यार्थ्यांची लेखी संमती क्लायंट देईल, ती मिळेपर्यंत फाइल दिली जाणार नाही." क्लासवाले आधी कुरकुरतात, मग आणून देतात.

नकार देताना भाषण देऊ नका. "हे काम आमच्या स्टुडिओच्या कामात बसत नाही, त्यामुळे घेऊ शकत नाही, विचारलंत त्याबद्दल आभार" एवढं पुरतं. आणि नकार दिलेलं काम कमिशन घेऊन मित्राकडे सरकवू नका, मग नकाराला अर्थ काय राहिला.

आणखी एक, हे थेट पैशाचं आहे. कुठल्याही एका क्लायंटकडून वर्षाच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग येऊ देऊ नका. जो निम्मा पगार भागवतो त्याला नाही म्हणता येत नाही, मग यादी कितीही चांगली असो.

दुसरं काम: सामाजिक कामाचा खर्च दरात धरा

संस्थांची कामं "जमेल तसं फुकट" करणारे बरेच स्टुडिओ मी पाहिलेत, दोन वर्षांत दमतात आणि मग संस्थांनाच दोष देतात. याला गणित लागतं. समजा तुमचा महिन्याचा सगळा खर्च, पगार-भाडं-सॉफ्टवेअर-वीज धरून, दीड लाख आहे आणि तीन माणसांचे मिळून बिल करता येतील असे ३०० तास निघतात. म्हणजे तासाला ५०० रुपये हा नुसता खर्च भागवायचा दर, नफा वेगळा. आता तुम्ही ठरवलंत की दहा टक्के वेळ, म्हणजे ३० तास, सामाजिक कामाला फुकट द्यायचे. उरले २७० तास, दर झाला साधारण ५५६. म्हणजे नेहमीच्या क्लायंटच्या दरात तासाला ५६ रुपये वाढवले की तुमचे ३० तास कुणाच्याही उपकाराशिवाय मोकळे होतात. महिन्याचे ३० संपले की पुढची संस्था पुढच्या महिन्यात, हे स्पष्ट सांगायचं.

फुकट किंवा सवलतीचं काम असलं तरी बिल पूर्ण किमतीचं करा, आणि खाली सवलतीची ओळ दाखवा. संस्थेला पुढच्या प्रकल्पाच्या बजेटमध्ये डिझाइनसाठी किती रक्कम मागायची हे त्यातून कळतं, आणि दहा फेऱ्या बदल सांगायच्या आधी ते थोडं थांबतात. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेल्या, पैशातून चाललेल्या प्रकल्पात छपाई-डिझाइनसाठी बऱ्याचदा रक्कम धरलेली असते, ती विचारून घ्यायला लाजू नका. आणि "काम फुकट द्या, आम्ही ८०जी ची पावती देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली, वजावट पैशाच्या देणगीला मिळते, सेवा किंवा वस्तू दिल्याला मिळत नाही.

तिसरं काम: किती कॉपी, हा प्रश्न सगळ्यात आधी

पर्यावरणाचं सगळ्यात मोठं काम इथे होतं आणि याला एक पैसाही जास्त लागत नाही. ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या नेहमीच्या मोठ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावायचा खर्च ठरलेला असल्यामुळे कॉपी वाढवल्या की एका कॉपीचा दर झपाट्याने पडतो, म्हणून माणूस २००० हव्या असताना ५००० छापतो, आणि मग ऑफिसच्या माळ्यावर दोरीने बांधलेले गठ्ठे तीन वर्षं पडून राहतात. गणेश मंडळांचे अहवाल, शाळांची स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक वृत्तांत, सगळीकडे हेच.

आम्ही कोटेशनआधी क्लायंटला वाटपाची यादी मागतो. कुणाला, कुठे, कुणामार्फत, किती. कागदावर लिहायला बसलं की आकडा आपोआप खाली येतो. त्यावर पाच-सात टक्के जास्तीच्या धरा, पुरे. दोन-तीनशे कॉपीच हव्या असतील तर डिजिटल प्रेसवर, म्हणजे फाइलवरून थेट छापणाऱ्या मशीनवर, करा, प्लेटही लागत नाही आणि मशीन सेट करताना जाणाऱ्या कागदाचं वेस्टेजही जवळपास नाही. कोटेशनमध्ये दोन दर द्या, लागणाऱ्या कॉपींचा आणि मागितलेल्या कॉपींचा, एकूण रकमेसकट. "कॉपीला किती" यापेक्षा "खिशातून एकूण किती" हा आकडा समोर आला की निर्णय बदलतो.

चौथं काम: साइज ठरवायच्या आधी प्रेसवाल्याशी बोला

हे डिझाइन स्कूलमध्ये फारसं शिकवत नाहीत आणि यातही बराच कागद वाया जातो, म्हणून इथे जरा थांबते. आपल्याकडे बाजारात ऑफसेटचा कागद ठरावीक मापांत मिळतो, २३ बाय ३६ इंच, २५ बाय ३६, २० बाय ३० वगैरे. आता समजा तुम्ही सवयीने ए४ साइजचं पत्रक केलंत. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. २३ इंच म्हणजे ५८४ मिलिमीटर, आणि ए४ च्या दोन उंच्या म्हणजे ५९४. दहा मिलिमीटरसाठी आठ पत्रकं बसत नाहीत, सरळ मांडणीत सहाच बसतात आणि शीटचा जवळपास तीस टक्के कागद कटिंगमध्ये जातो, ज्याचे पैसे क्लायंट देतो. तेच पत्रक साडेआठ बाय अकरा इंचाचं केलं तर त्याच २३ बाय ३६ मध्ये आठ बसतात आणि नव्वद टक्के कागद वापरला जातो, किंवा ए४ च हवं असेल तर २५ बाय ३६ चा कागद घ्या, त्यात आठ आरामात बसतात. ग्रिपर (मशीन कागद पकडतं ती कड) आणि ब्लीडला (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई) जागा सोडावी लागते, म्हणून अगदी काठोकाठ गणित करू नका.

म्हणून शनिवार पेठेत, नारायण पेठेत किंवा तुमच्या गावात जो कोणी प्रेसवाला आहे त्याच्याकडे लेआउट सुरू करायच्या आधी जाऊन बसा, मशीनचं साइज विचारा, त्याच्याकडे कुठल्या मापाचा कागद शिल्लक आहे ते विचारा. जुन्या प्रेसवाल्यांना हे गणित तोंडपाठ असतं, आपल्या पिढीतला डिझाइनर विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. कित्येकदा दुसऱ्या जॉबचा उरलेला कागद चांगल्या दरात मिळतो, आणि व्हिजिटिंग कार्ड, बुकमार्क, लेबल असली छोटी कामं आपल्याच मोठ्या कामाच्या कडेला लावून निघतात.

पुस्तिका असेल तर सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका शीटला घड्या घालून होणाऱ्या गठ्ठ्यात, विचार करा. ए४ ची १६ पानी पुस्तिका म्हणजे २५ बाय ३६ चा बरोबर एक शीट. १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागद असेल तर तो शीट ५८ ग्रॅमचा, म्हणजे हजार कॉपीला ५८ किलो. तेच ८० जीएसएमवर साडेशेहेचाळीस किलो. मजकुराची पुस्तिका असेल तर ८० च्या चांगल्या मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या पांढऱ्या कागदावर, मागचं फारसं दिसत नाही, मी बिनधास्त सुचवते. आणि १८ पानं होतायत असं दिसलं तर दोन पानं वाढवण्याऐवजी मजकूर कापायला सांगा. संपादन करणं ही पण डिझाइनरची जबाबदारी आहे, आणि वाचणाऱ्यावरही उपकार.

रिसायकल्ड कागद घेत असाल तर प्रत्येक लॉटचा शेड थोडा वेगळा येतो, फोटो जरा मंद दिसतात, म्हणून प्रूफ त्याच कागदावर काढा आणि क्लायंटला तेच दाखवा, स्क्रीनवरचं दाखवून नंतर भांडण नको. हातकागद निमंत्रणपत्रिका, प्रशस्तिपत्रकं, छोट्या आवृत्त्यांसाठी फार छान. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद होतो, झाड लागत नाही. ऑफसेटवर त्याचा धागा सुटतो, त्यामुळे स्क्रीन प्रिंटिंग करून घ्या. आणि एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातला कागद असल्याचं, चिन्ह इंटरनेटवरून उचलून मागच्या कव्हरवर चिकटवू नका, ते सर्टिफिकेट असलेल्या छापखान्यालाच त्याच्या लायसन्स क्रमांकासह वापरता येतं. तुमचा छापखाना सर्टिफाइड नसेल तर कागद कितीही चांगला असला तरी चिन्ह नाही.

पाचवं काम: लॅमिनेशनची गरज डिझाइनमध्येच काढून टाका

मॅट लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म. ती चढली की तो कागद रद्दीत साध्या कागदाच्या भावाने जात नाही, कारण लगदा करताना फिल्म वेगळी काढणं त्रासाचं असतं. पण लॅमिनेशन बहुतेक वेळा क्लायंटने मागितलेलं नसतं, आपल्या डिझाइनने ते ओढवून घेतलेलं असतं! पूर्ण काळं किंवा गडद निळं सॉलिड, म्हणजे सलग भरलेल्या रंगाचं, कव्हर केलं की घडीवर शाई फुटते, बोटांचे डाग पडतात, ओरखडे दिसतात, मग प्रेसवाला स्वतःहून म्हणतो मॅडम लॅमिनेशन करावं लागेल. तेच घडीच्या जागी पांढरा किंवा फिकट रंग ठेवा, सॉलिड कमी करा, जाड अनकोटेड (वर चकचकीत थर नसलेलं) कार्ड घ्या, आणि गरजच असेल तर वॉटर बेस्ड कोटिंग मारा. क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून रेघ पाडणं, नीट केलं तर कव्हर फाटत नाही. फॉइल (धातूसारखा चमकदार थर), स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकचकीत थर) यांचंही तसंच, एका लोगोवर असलं तर ठीक, पूर्ण पानभर कशाला.

लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की निमंत्रणपत्रिकेवर, मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची पातळ प्लॅस्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. कोटेशनमध्ये "प्लॅस्टिक रॅपिंगशिवाय, कागदी पट्टी" असंच लिहायचं.

शाईबद्दल प्रेसवाल्याला एवढंच विचारा की वनस्पती तेलावरची, मिनरल ऑइल नसलेली सिरीज मिळते का. मोठ्या शहरात मिळते, रंगात फरक जाणवत नाही.

आपण जे बनवतो त्याचं पुढे काय होतं हे बघायचं असेल तर पुण्यात कचरावेचकांशी बोला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे, आणि त्यातून पुढे आलेली "स्वच्छ" ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. कुठला बॉक्स विकला जातो, कुठला सरळ डेपोत जातो, हे त्या बायका हातात घेऊन सांगतात. त्यांच्या कामातली लाल ठिपक्याची मोहीम मला डिझाइनर म्हणून फार मोठी वाटते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करताना उघडून बघावं लागणार नाही. ना लोगो, ना फॉन्ट, ना छपाई, घरातल्या कुठल्याही पेनाने होतं, आणि काम करणाऱ्या बाईचं आरोग्य आणि मान दोन्ही राखतं. सामाजिक डिझाइन म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवते.

सहावं काम: फ्लेक्सचं काय करायचं

पीव्हीसी फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेलं पीव्हीसी, दोन वेगळी प्लॅस्टिकं एकमेकांत अडकलेली, म्हणून त्याचं रिसायकलिंग नीट होत नाही, आणि जाळला तर विषारी धूर होतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर २०२२ पासून देशात बंदी आहे, जाडवाले मात्र चालूच आहेत. कायदा तिथे थांबला म्हणून आपण थांबायचं असं नाही.

पर्याय क्रमाने सांगते. एक, हवाच का ते विचारा, हॉलच्या आत कार्यक्रम असेल तर स्टेजमागे प्रोजेक्टर पुरतो. दोन, मांजरपाटावर स्क्रीन प्रिंट किंवा हाताने रंगवलेला कापडी फलक, आणि त्यावर तारीख, वर्ष, पाहुण्यांचं नाव टाकायचंच नाही, ते वेगळ्या पट्टीवर लिहून टाचायचं, म्हणजे तोच फलक दरवर्षी निघतो. तीन, गावातला पेंटर. त्याला काम द्या, त्याची मजुरी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा, भिंतीवरचं लिखाण दोन पावसाळे टिकतं. फ्लेक्स करावाच लागला तर साइज मागे घ्या, आणि उतरवल्यावर तो कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, पावसाळ्याआधी गोठ्याला, झोपडीला झाकायला खूप जण मागतात.

होर्डिंगचं काम असेल तर परवानगीची प्रत मागितल्याशिवाय फाइल देऊ नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. परवानगीपेक्षा किती तरी मोठा सांगाडा होता तो. आपण ज्या मापाची फाइल बनवतो ते माप मंजूर आहे का, एवढं विचारणं आपल्या हातात आहे.

सातवं काम: हिरवं पान लावायच्या आधी पुरावा मागा

पॅकेजिंगवाले क्लायंट येतात आणि म्हणतात जरा इको-फ्रेंडली फील द्या, क्राफ्ट पेपरसारखं टेक्स्चर टाका, पान टाका. आत मल्टिलेअर, म्हणजे वेगवेगळे थर चिकटवलेल्या, प्लॅस्टिकचा पाउच असतो. म्हणजे खोटं बोलायचं काम आपल्याकडे येतं. जाहिरात मानक परिषदेने (ASCI, जाहिरात धंद्याचीच नियमन संस्था) पर्यावरणाच्या दाव्यांचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारचीही मार्गदर्शक तत्त्वं आली, "ग्रीन", "इको-फ्रेंडली", "नॅचरल" असलं काही लिहायचं तर नेमकं काय आणि कशावरून ते सांगावं लागतं. म्हणून कोटेशनमध्ये लिहा: "पर्यावरणविषयक कुठलाही शब्द, चिन्ह वा चित्र लेखी पुराव्याशिवाय वापरलं जाणार नाही." "कम्पोस्टेबल" लिहायचं असेल तर प्रमाणपत्र मागा, आणि हेही समजून घ्या की असलं बरंचसं प्लॅस्टिक घरच्या कुंडीत कुजत नाही, त्याला मोठ्या कम्पोस्टिंग प्लांटची उष्णता लागते. मग पाकिटावर "झाडाच्या कुंडीत टाका" असं लिहिणं चूक. त्यापेक्षा "बॉक्स ७० टक्के रिसायकल्ड कागदाचा" अशी साधी खरी ओळ, आकडा क्लायंटने सिद्ध केलेला असला तर, जास्त वजनदार वाटते.

आठवं काम: वाचता येईल असं मराठी

सामाजिक भान म्हणजे फक्त कागद नाही. ज्याच्यासाठी पत्रक आहे त्याला ते वाचताच आलं नाही तर सगळाच कागद वाया गेला. आपल्याकडे केशरी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं फार आवडतात, पण फिकट केशरीवर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातला फरक) जेमतेम २ ला १ भरतो, आणि वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ ला १. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली की ९ च्या वर जातो. कॉन्ट्रास्ट मोजायची फुकट टूल्स भरपूर आहेत, प्रत्येक कामात वापरा, छापील कामातसुद्धा. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी नुसत्या रंगाने काही सांगू नका, सोबत शब्द किंवा आकार द्या.

देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. वयस्कर माणसांसाठी असेल तर १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. इनडिझाइन या लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोजर (आपल्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात, हे अजूनही सरकारी पोस्टरवर दिसतं. आणि युनिकोडच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी ओळखली जाणारी अक्षरंच, वापरा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो पण कॉम्प्युटरसाठी ती भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे पीडीएफमध्ये शोधता येत नाही आणि अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही. पायरेटेड फॉन्टची तर आता गरजच नाही, मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू असे फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, नोटो देवनागरी आहे.

शेवटची तपासणी ऑफिसात नाही, जागेवर. आशाताईंसाठी पोस्टर असेल तर काळ्या-पांढऱ्या प्रिंटा काढून चार-पाच जणींना दाखवा, आणि "आवडलं का" असं विचारू नका, "यात काय करायला सांगितलंय" असं विचारा. उत्तर ऐकून चित्र बदलायची तयारी ठेवा, आणि या फेरीचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा.

नववं काम: माणसांचे पैसे, माणसांचं नाव

वारलीची चित्रं स्टॉक साइटवरून डाउनलोड करून फरसाणच्या पाकिटावर लावलेली बघून मला फार वाईट वाटतं. पालघर, डहाणू, जव्हारकडे आज शेकडो कलाकार काम करतायत, जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेला. त्यांना फोन करा, दर विचारा, ॲडव्हान्स द्या. काय कुठे वापरायचं तेही त्यांनाच विचारा, लग्नातला देवचौक, म्हणजे भिंतीवर काढलेली देवाची चौकट, हा पूजेचा भाग आहे, तो डब्याच्या झाकणाची नक्षी म्हणून उचलायचा नसतो. कलाकाराचं नाव पाकिटावर छापायची जागा लेआउटमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा.

इलस्ट्रेटर, फोटोग्राफर, लेखक, सगळ्यांशी लेखी करार करा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून कुठे, किती वर्षं, कशासाठी हे साध्या मराठीत लिहा, दोघांच्याही फायद्याचं.

फोटोत माणसं असतील तर संमती त्यांच्या भाषेत घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे, चेहरा ब्लर केला तरी गाव, शाळा, युनिफॉर्म दिसतोच, त्यामुळे अशा वेळी चित्रच काढा. आणि देणगी मिळावी म्हणून रडक्या चेहऱ्याचा क्लोजअप मागणाऱ्या संस्थेलाही नाही म्हणता आलं पाहिजे.

पैसे वेळेवर. हा मुद्दा मी भानाच्या यादीत अगदी वर ठेवते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट होते. मग लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत खरेदीदाराने पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि २०२३-२४ पासून वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, कंपन्यांचे अकाउंटवाले लगेच जागे होतात. पण मग हाच नियम तुमच्या प्रेसवाल्याला, बाइंडरला, फ्रीलान्सरलाही लावा. क्लायंटकडून आले की देतो, हे वाक्य स्टुडिओत बंद करा, ५० टक्के ॲडव्हान्स घ्यायचा तो यासाठीच. इंटर्नला स्टायपेंड द्या, नाहीतर ज्यांच्या घरी पैसे आहेत तीच मुलं शिकू शकतात आणि स्टुडिओत एकाच तऱ्हेची माणसं जमतात. दहापेक्षा कमी माणसं असली तरी लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, ती माहिती भिंतीवर लावा.

दहावं काम: वीज आणि मशीन

इथे थोडक्यात. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझाइन स्टुडिओत सगळ्यात जास्त युनिट एसी खातो, म्हणून २४ ते २६ वर ठेवा, पंखा लावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. मॉनिटर रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, घ्या, फक्त रंग कॅलिब्रेट करून घ्या. लॅपटॉपची रॅम-बॅटरी बदलून दोन-तीन वर्षं जास्त चालवणं हे नवीन "ग्रीन" मशीन घेण्यापेक्षा बरं. जुनं सामान भंगारात न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. वेबसाइटची कामं करत असाल तर पहिल्या स्क्रीनवर आपोआप चालणारा व्हिडिओ नको, गावाकडच्या नेटवर ते पान उघडतच नाही आणि माणसाचा डेटा जातो तो वेगळाच.

अकरावं काम: नोंदवही

एक साधी शीट करा. प्रत्येक जॉबला एक ओळ: क्लायंट, काय काम, मागितलेल्या कॉपी, छापलेल्या कॉपी, कागदाचं माप आणि जीएसएम, एकूण किलो, शीटचा किती टक्के वापर झाला, लॅमिनेशन आहे-नाही, फ्लेक्स किती चौरस फूट, फुकट तास किती, आणि व्हेंडरला पैसे कितव्या दिवशी दिले. काम बंद करताना पाच मिनिटं लागतात. छापून झाल्यावर सहा महिन्यांनी क्लायंटला एक मेसेज टाका, किती कॉपी शिल्लक आहेत, आणि तो आकडाही शेजारच्या रकान्यात भरा. पुढच्या वर्षी त्याच कामाचं कोटेशन करताना तोच आकडा सगळ्यात वर लिहायचा: गेल्या वर्षी एवढ्या छापल्या, एवढ्या उरल्या, म्हणून यंदा एवढ्याच सुचवतोय.